पावसातली गोनेंदाऊ

आमच्या गावात कुणाला काय म्हणायचं हे त्याच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. एक घर रातूंचं, म्हणजे गावच्या सरदारांचं. एक घर रातूंच्या वतीने बोलणाऱ्यांचं. एक सुतारांचं. आणि नारळांच्या शेवटच्या रांगेपलीकडे, मोठ्या भरतीला ज्याची पायरी भिजते, ते घर गोनेंदाऊंचं. रातूंसाठी, चर्चसाठी, पाहुण्यांसाठी मासा आणायचा मान त्या घराचा. आपल्या पोटासाठी गळ कुणीही टाकावा, कुणी अडवत नाही. पण जो मासा गावाच्या नावाने पाहुण्यापुढे ठेवायचा, तो गोनेंदाऊच्याच हातून यायला हवा. दुसऱ्याने आणला तर तो मासा नव्हे, आगाऊपणा. हे आमची शेंबडी पोरंही जाणतात.

त्या घरात आज एकच माणूस राहतं, उलामिला. तिच्याबद्दल लिहायला बसले आहे आणि आधीच सांगते, शांतपणे लिहिणं मला जमणार नाही. सकाळच्या प्रार्थनेत देवाकडे शांती मागितली होती. मिळालीही, पण ती चहा होईपर्यंतच पुरली.

उला माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. चर्चच्या गायनात ती बायकांच्या बाजूला उभी राहते आणि सूर मात्र पुरुषांच्या बाजूचा लावते. तळहात असे की तिने टाळी दिली तर आपला हात चोळत बसावं. डोक्यावरचे केस पांढरे झाले आहेत, पण ते मिठाने की वयाने हे तिलाही सांगता यायचं नाही.

तिचा बाप मायकेली गावाचा गोनेंदाऊ होता. त्याला दोन मुलं, ही थोरली आणि पाठचा इसिकेली. बाप होडीत मुलाला पुढे बसवायचा आणि मुलीला मागे, पाणी उपसायला. इसिकेलीला होडी लागायची. तो बिचारा काठाला डोकं टेकून पडायचा आणि हिचा नारळाच्या करवंटीने पाणी उपसता उपसता बापाच्या हाताकडे डोळा. पुढे हिचं लग्न झालं, पलीकडच्या बेटावर गेली. दुसऱ्याच वर्षी नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. ती बापाकडे परत आली. त्याच सुमारास इसिकेली सुव्याला, राजधानीला गेला, एका गोदामावर रखवालदार म्हणून लागला. त्यात त्याचा काही दोष नाही. ज्याला समुद्र लागतो त्याने गोदामच राखावं. मग मायकेलीचा उजवा हात लुळा पडला, आणि एके दिवशी चर्चला पाहुणे येणार होते तेव्हा उलाने कुणाला न विचारता बापाचं जाळं खांद्यावर टाकलं. बाप काठावर बसून शिव्या देत होता. आधी ती गेली म्हणून, मग जाळं चुकीचं धरलं म्हणून, मग मासा बघून काहीच बोलला नाही.

तेव्हापासून गोनेंदाऊ तीच. तसं कुणी जाहीर केलं नाही, पण हाक तीच मारायचे. रातूंच्या वतीने बोलणारे आमचे एरोनीमामा तिच्या दारात उभे राहायचे आणि खाकरून म्हणायचे, "गोनेंदाऊ! गुरुवारी मंडळी येतायत. वीस पानं."

"वीस पानं की वीस पोटं?" आतून उला विचारायची. "तुमच्या पाहुण्यांतलं एकेक पोट तीन पानांचं असतं, मामा."

"तुझी जीभ कापून गळाला लावली तर मोठा मासा लागेल."

"लावा की. पण मग गळ टाकायला कोण जाईल? तुम्ही?"

मामा हसत जायचे. मासा यायचा. माझ्या चुलीवर नारळाच्या रसात शिजायचा, पाहुणे बोटं चाटायचे, आणि माझा नवरा मनासा, जो आमच्या चर्चचा उपदेशक आहे, समुद्रातल्या सगळ्या प्राण्यांबद्दल देवाचे आभार मानायचा. उलाचे नाही. मी एकदा म्हटलं तर म्हणाला, "अगं, देवाचे मानले की त्यात सगळे आले." आले असतील. पण चर्चच्या छपरासाठी पत्रे देणाऱ्याचं नाव मात्र तो देवानंतर लगेच घेतो.

एकदा सरकारी दवाखान्याची होडी आली होती. नर्स प्रत्येकीला विचारत होती, काय काम करता. उलाच्या हातात तेव्हा ओला ऑक्टोपस लोंबत होता, त्याचे पाय तिच्या कोपराला वेढे घालत होते. ती तोंड उघडायच्या आत एरोनीमामा म्हणाले, "ती घरीच असते."

उला ऑक्टोपसला म्हणाली, "ऐकलंस ना? चल, घरी."

सगळे हसले, मीही हसले. पण ते 'घरीच' माझ्या मनात काट्यासारखं राहिलं. मीही घरीच असते. पहाटे उठून कसावा सोलते, चटया विणते, चर्च झाडते, मेलेल्याला आंघोळ घालते, जन्मलेल्याला पुसते, आणि असते घरीच. हा शब्द कुणी काढला असेल? नक्की अशाच कुणीतरी, जो स्वतः घरी कधीच नसायचा.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या पावसाळ्यात आमचे थोरले रातू वारले. रातू गेले की दफनाच्या दुसऱ्या दिवशी गावासमोरचा प्रवाळाचा कठडा बंद करायचा, ही आमची रीत. गोनेंदाऊने कठड्याच्या टोकाला पाण्यात मेढ रोवायची, तिला नारळाची झावळी आणि झाडाच्या सालीच्या कापडाची चिंधी बांधायची. मग शंभर रात्री त्या मेढीच्या आतल्या पाण्यात कुणी गळ टाकत नाही, जाळं टाकत नाही, शिंपलाही उचलत नाही. समुद्रही सुतक पाळतो म्हणा. शंभर रात्री सरल्या की गोनेंदाऊने मेढ उपटायची, पहिलं जाळं टाकायचं, आणि तो मासा रातूंच्या ओट्यापुढे नेऊन ठेवायचा. सुतक फिटतं ते तिथे. गोनेंदाऊच्या आयुष्यात हा दिवस एकदा, फार तर दोनदा येतो. मायकेलीच्या आयुष्यात एकदाच आला होता, आणि मरेपर्यंत तो दुसरं काही सांगत नसे.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी वादळी पाऊस होता. सुव्याची बोट बंद, इसिकेली तिकडे अडकलेला. एरोनीमामा डोक्यावर केळीचं पान धरून उलाच्या दाराशी आले. मी तिथेच होते, तिच्या जाळ्याला गाठी मारत होते.

"गोनेंदाऊ, उठ! कठडा बंद करायचाय."

उलाने जाळं खाली ठेवलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. थट्टा नाही, काही नाही. बापाची जुनी कोयती घेतली, तिवराची मेढ तोडली आणि पाण्यात गेली. लाट छातीपर्यंत होती. आम्ही काठावरच्या बायका प्रार्थना म्हणत होतो, पण पावसात आमचं आम्हालाच ऐकू येत नव्हतं. दोनदा ती दिसेनाशी झाली. तिसऱ्यांदा दिसली तेव्हा मेढ उभी होती आणि ती तिला मिठी मारून उभी होती. परत आली तेव्हा ओठ निळे पडलेले. मामांनी स्वतःचा कोट तिच्या खांद्यावर घातला आणि म्हणाले, "मायकेली असता तर त्यानेही असंच केलं असतं." त्या दिवशी त्यांच्या तोंडून ते मनापासून आलं होतं. ते मी विसरणार नाही, आणि म्हणूनच पुढचं मला गिळवत नाही.

शंभर रात्री तिने ते पाणी राखलं. पलीकडच्या गावची होडी आत शिरली तेव्हा ही काठावरून अशी ओरडली की त्यांनी वल्ही उलटी मारली. स्वतः मात्र दूरच्या कांदळवनात चिखल तुडवत खेकड्यांवर दिवस काढले. "आतले मासे मला नावाने हाका मारतात गं वासिती," एकदा म्हणाली. "मी म्हणते, थांबा जरा. येतेच आहे."

रात्री सरत आल्या तेव्हा थोरल्या रातूंचे चिरंजीव, आमचे नवे रातू तेविता, सुव्याहून आले. माणूस वाईट नाही. गोड बोलतात, मुलांची नावानिशी विचारपूस करतात. कठडा उघडायच्या आधी त्यांच्या अंगणात, वाळूवर सभा झाली. पुरुष यांगोनाच्या, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाच्या, भांड्याभोवती बसलेले, आम्ही बायका खालच्या बाजूला, नेहमीप्रमाणे. रातू एरोनीमामांच्या कानात काहीतरी म्हणाले आणि मामांनी सगळ्यांना सांगितलं, "सगळ्या बेटांवरचे रातू येणार आहेत. शोभलं पाहिजे. कठडा उघडायला इसिकेलीला बोलावलंय. मायकेलीच्या घरातला पुरुष तोच."

क्षणभर वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग शेजारी पाहिलं. उलाने मांडीवरचा पंखा खाली ठेवला होता.

आमच्याकडे त्या सभेत बाई बोलत नाही. उला बोलली. "एरोनीमामा, एक विचारू? पाऊस होता तेव्हा मी पुरुष होते का?"

मागे बायकांत खसखस पिकली. मामांचा चेहरा पडला. "तेव्हा अडचण होती, उलामिला."

"म्हणजे मी अडचणीतली गोनेंदाऊ. आणि ऊन पडलं की?"

"हे बघ, तू दिलेली मुलगी. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलीस. तू आता त्यांची."

"मग इतकी वर्षं तुम्ही त्यांचा मासा खाल्लात? त्यांना सांगितलंत तरी का?"

या वेळी पुरुषही हसले. एकजण यांगोना पीत होता, त्याला ठसका लागला. पण हसणारे सगळे खाली बघत होते, आणि एकही जण म्हणाला नाही की बाई म्हणते ते खरं आहे. माझा मनासाही नाही. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो भांड्यात बघत होता, जणू तिथे बायबलचं पान उघडलं होतं. घरी आल्यावर म्हणाला, "गोनेंदाऊ हा शब्द फार जुना आहे, वासिती. जुन्या शब्दाला हात लावू नये."

मी म्हटलं, "हात लावू नये तर त्याचा अर्थ तरी बघावा. माझा बाप सांगायचा, त्या शब्दात पोर आहे आणि तरबेजपणा आहे. मुलगा कुठे आहे त्यात? मुलगा तुम्ही नंतर घुसवलात." तो म्हणाला, चहा आण. मी म्हटलं, चूल तिकडे आहे.

कठडा उघडायच्या दिवशी आकाश असं स्वच्छ, जणू त्यालाही कुणी शोभायला सांगितलं होतं. इसिकेली आदल्या दिवशी आला होता. सकाळी बहिणीकडे जाळं मागायला गेला. "ताई, तुला वाईट वाटलं असेल."

"जाळं खुंटीला आहे. डावीकडची गाठ नवी आहे, ओढू नकोस जोराने."

"मी नाही म्हणालो होतो त्यांना."

"किती वेळा?"

त्याने खुंटीवरून जाळं काढलं. "एकदा," म्हणाला.

नवी कोरी लुंगी नेसून तो पाण्यात गेला. पाणी गुडघाभर, काचेसारखं. मेढ उपटली. काठावर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शंभर रात्री न शिवलेल्या पाण्यात पहिलंच जाळं टाकलं तर लहान मुलालाही मासा मिळेल, तसा त्यालाही मिळाला, भरपूर. रातूंच्या ओट्यापुढे पानांवर बोय आणि मोठे मासे ओळीने मांडले. मामांनी घसा साफ केला आणि जुन्या शब्दांत, जे वर्षानुवर्षं बदललेले नाहीत, गोनेंदाऊंच्या घरातून आलेला मासा स्वीकारला. इसिकेलीच्या हातात मानाचा देवमाशाचा दात आला, खांद्यावर नवी चटई आली. ती चटई मीच विणलेली होती. आधी कळतं तर मी ती उसवली असती.

उला तेव्हा माझ्या चुलीशी अळूचे कंद सोलत होती. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा तिचा हात थांबला नाही. फक्त सोलता सोलता तिने कंदाचं अर्धं अंगही सोलून टाकलं. दोघींनी मिळून एकही घास खाल्ला नाही, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी इसिकेली दात आणि चटई घेऊन दारात आला. "ताई, हे तूच ठेव. तुझंच आहे."

"मला दिलं नाही ते माझं कसं?" ती म्हणाली. "बोटीत चटई पसरून झोप. तुला होडी लागते." आणि त्याच्यासाठी शिजवलेला कसावा पानात बांधून दिला. भावावर तिचा राग नव्हताच.

महिना गेला असेल. आमच्या गावी सगळ्या चर्चच्या मंडळींची आठवडाभर सभा भरायची होती, मोठे पाळकसाहेब येणार होते. एरोनीमामा नेहमीसारखे दारात गेले, खाकरले. "गोनेंदाऊ! मंगळवारी चाळीस पानं."

उला अंगणात कसाव्याला माती लावत होती. मान वर न करता म्हणाली, "गोनेंदाऊ सुव्यात आहेत. गोदामावर. फोन करा, शुक्रवारच्या बोटीने येतील."

"थट्टा पुरे, पोरी."

"थट्टा कसली? तुम्हीच सगळ्या बेटांसमोर सांगितलंत. मी घरीच असते, मामा. बघा ना, घरीच आहे."

मामा माझ्याकडे आले. "वासिती, तू समजाव तिला. तू देवभीरू बाई. चर्चच्या कामाला असं अडवणं बरं का?"

मी म्हटलं, "मामा, मी देवभीरू आहे, गावभीरू नाही. तुम्हाला मासा हवा तर गावात एवढे पुरुष आहेत."

पण हेच तर होतं. पुरुष होते, होड्या होत्या, समुद्र तर दारातच होता. एकाचीही छाती होईना. त्या घराने आणलेला नाही असा मासा पाळकसाहेबांपुढे ठेवायचा म्हणजे आपल्या हाताने आपलं तोंड काळं करायचं. जी रीत तिच्या आडवी आणली होती, तीच यांच्या आडवी आली. इसिकेलीला फोन केला. तो म्हणाला, रजा नाही. मला वाटतं, रजा होती.

मंगळवारी पाळकसाहेबांच्या पानावर मी डब्यातला मासा वाढला. लाल रस्सा, वर डब्याचा वास. मनासाने त्या सकाळी उपदेश कशावर करावा? जाळी सोडून येशूमागे निघालेल्या कोळ्यांवर. मी दातओठ खात वाढत होते.

पाळकसाहेबांनी बोटाने तो मासा हलवला. "समुद्र आटला की काय तुमचा?"

मी वाढपी, मी बोलायचं नव्हतं. "समुद्र आहे साहेब," मी म्हटलं. "गोनेंदाऊ नाही. होती, पावसात होती. ऊन पडल्यावर तिला ठेवली नाही." मनासाला जोराचा खोकला आला. रातू तेवितांनी हातातला घास खाली ठेवला आणि पहिल्यांदाच, मामांच्या कानात न सांगता, स्वतः विचारलं, "मेढ कुणी रोवली होती?"

मामांनी पानातला मासा बाजूला सारला. "उलामिलाने."

"हे मला कुणी सांगितलं नाही." खरंच नसेल सांगितलं. पण त्यांनीही विचारलं नव्हतं, हे मी इथे लिहून ठेवते. न विचारणं हेसुद्धा मोठ्या घरातच परवडतं.

शनिवारी एरोनीमामा देवमाशाचा दात घेऊन उलाच्या पायरीवर बसले. माफी मागायची आमची रीत ती. दोन्ही हात पुढे करून त्यांनी सुरुवात केली, "मायकेलीच्या घराला, इसिकेलीच्या घराला..."

उला नारळ खवत होती. खवतच राहिली.

मामांचे हात तसेच पुढे. म्हातारे हात, दाताच्या वजनाने खाली येऊ लागले. "मायकेलीच्या घराला," त्यांनी पुन्हा म्हटलं, "त्याच्या मुलीला..."

खवणीचा आवाज थांबला नाही. मला त्यांची दया आली, खरं सांगते, आणि त्या दयेचाही राग आला. तिच्या वेळी हा जीव इतका मऊ कुणाचा झाला होता?

शेवटी तिने करवंटी बाजूला ठेवली. "मामा, हात खाली घ्या, दुखतील. तुम्ही ज्या वाळूवर, ज्या लोकांपुढे मला पुसलंत, तिथेच मला लिहा. माझ्या पायरीवर गुपचूप नको. पायरी माझी आहे, ती मला ओळखते."

संध्याकाळी घंटेऐवजी लाकडी ढोल वाजला. गाव पुन्हा त्याच वाळूवर जमलं. रातू तेविता चटईवर बसले होते. मामा उभे राहिले, दात दोन्ही हातांत, आणि म्हणाले, "पावसात जिने मेढ रोवली, ती मेढ उपटायचा मान आम्ही तिच्याकडून काढून घेतला. चूक झाली. गोनेंदाऊ उलामिला, हे घे आणि आमच्यावरचा राग खाली ठेव."

तिचं नाव त्या शब्दाला जोडून त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. दारात नुसतं गोनेंदाऊ, बाकी सगळीकडे नुसतं उलामिला.

उलाने लगेच घेतला नाही. आमच्या रीतीने ओंजळीने तीनदा टाळी वाजवली, मग दात घेतला, छातीशी धरला. बापाच्या घराकडे एकदा बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज तोच. "मासा हवाय ना तुम्हाला?"

"हवाय," मामा घाईने म्हणाले. "उद्या पाळकसाहेब जायच्या आत..."

"उद्या रविवार. देवाच्या दिवशी मी जाळं भिजवत नाही. परवा बघू." आणि ती वळून चालायला लागली.

सोमवारी ती गेली. पाळकसाहेब मुद्दाम एक दिवस थांबले होते. मासा त्यांच्यापुढे आला. मामांनी तेच जुने शब्द म्हटले, "गोनेंदाऊंच्या घरातून आलेला हा मासा..."

"घरातून नाही," मागून आवाज आला. "हातातून."

मामांनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "गोनेंदाऊच्या हातातून आलेला हा मासा." लोक हसले, टाळ्या वाजल्या, मनासाने देवाचे आभार मानले आणि माझ्याकडे बघत देवानंतर लगेच तिचं नाव घेतलं.

सगळे म्हणतात, झालं, मिटलं. तिच्या घरातला तो दात आता खुंटीला जाळ्याशेजारी लटकतो. पण तो कठडा उघडायचा दिवस तिचा होता, आणि तो पुन्हा येणार नाही. रातू तेविता तरुण आहेत, देव त्यांना उदंड आयुष्य देवो, मी रोज मागते. त्यांच्यामागे पुढची मेढ रोवली जाईल तेव्हा उला नसेल. दिवस परत द्यायची रीत आमच्याकडे नाही.

आणि आणखी एक. "हातातून" म्हणून ओरडली ती कुठून? मागून. खालच्या बाजूने, चुलीच्या धुरातून, माझ्या शेजारून. आणलेला मासा वर पोचला. ती अजून तिथेच बसते.